टर्न-बेस्ड खेळातली लढाई कशी रचावी? पहिल्यांदाच गेम बनवणाऱ्यांसाठी

पहिला स्ट्रॅटेजी गेम बनवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा वही उघडतो आणि शस्त्रांची यादी करायला घेतो. चार प्रकारच्या तलवारी, सहा प्रकारची जादू, विष, गोठवणं, आग, प्रत्येकाची लेव्हल. ती वही सध्या मिटून ठेवा, लागेल तेव्हा काढू.

पाळीपाळीने खेळायच्या खेळात खरी लढाई हल्ल्याचं बटण दाबायच्या आधीच होऊन जाते. खेळाडू पटाकडे बघत बसलेला असतो आणि मनात म्हणत असतो, "याला मारलं तर तो उलटून मारेल. तो मेला नाही तर माझा तिरंदाज उघडा पडतो. मग आधी घोडेस्वार पुढे काढू का?" हा हिशेब डोक्यात करता आला तर माणूस रमतो. नाही आला तर तो नुसती बटणं दाबत राहतो आणि अर्ध्या तासात गेम बंद करतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी एकच कसोटी लावली आहे: हल्ल्याआधी खेळाडूला अंदाज बांधता येतो का?

पट आणि तीन युनिट

कॉम्प्युटर अजून सुरू करू नका. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या आणि त्यावर ८ × ८ घरांचा पट आखा. बुद्धिबळाचा पट एवढाच असतो, आणि २०१८ साली आलेल्या 'इन्टू द ब्रीच' या गाजलेल्या गेमचाही. तेव्हा ही जागा कमी पडेल ही भीती सोडून द्या.

चौकोनी घरं घ्यावीत की षटकोनी? षटकोनात प्रत्येक घराला सहा शेजारी असतात आणि सगळे सारख्याच अंतरावर. चौकोनात तिरपी चाल आणि तिरपा हल्ला चालतो की नाही हे तुम्हाला ठरवावं लागतं. कागदावर चौकोन सोपे. तिरपं काहीच चालणार नाही असं ठरवून सुरुवात करा.

आता फक्त तीन युनिट (पटावर हलणारे सैनिक) घ्या. भालाईत: जीव १२, मारा ४, चाल ३ घरं. स्वार: जीव १०, मारा ५, चाल ५. तिरंदाज: जीव ८, मारा ३, चाल ३, पण दोन घरांवरूनही मारू शकतो. शेजारून हल्ला झाला तर मार खाणारा जिवंत असेपर्यंत उलट वार करतो. लांबून आलेल्या बाणाला उलट वार नाही, समोरही तिरंदाज असेल तरच तो उलट बाण मारतो. आणि एक खास नियम: भालाइताचा मारा स्वारावर दीडपट, म्हणजे ६.

फासे नकोत, चिलखत नको, लेव्हल नको. माऱ्याचा आकडा जिवातून वजा करायचा, बस्स. आकडे मुद्दाम लहान ठेवलेत. जीव १२०० आणि मारा ४०० ठेवला तर प्रमाण तेच राहतं, मोठे आकडे पडद्यावर भारदस्तही दिसतात, पण डोक्यात वजाबाकी करणाऱ्याचे हाल होतात.

किती घावांत मरतो?

डिझाइन करणाऱ्याने माऱ्याच्या आकड्यांपेक्षा घावांची संख्या बघावी. प्रत्येक जोडीसाठी लिहा: कोण कोणाला किती घावांत मारतो? आपल्या युनिटांचा हिशेब असा निघतो. भालाईत स्वाराला २ घावांत, तिरंदाजाला २ घावांत आणि दुसऱ्या भालाइताला ३ घावांत मारतो. स्वार भालाइताला ३ घावांत, तिरंदाजाला २ घावांत आणि दुसऱ्या स्वारालाही २ घावांत. तिरंदाजाला भालाईत पाडायला ४ बाण लागतात, स्वारालाही ४, दुसऱ्या तिरंदाजाला ३.

ही नऊ उत्तरं म्हणजे तुमची लढाई. त्या दीडपटीने नेमकं काय केलं ते बघा. ती नसती तर भालाइताला स्वार पाडायला ३ घाव लागले असते, आता २ लागतात. म्हणजे नियमाने खरोखर काहीतरी बदललं. उलट उदाहरण घ्या. स्वाराचा मारा ५ वरून ७ केला, म्हणजे तब्बल ४० टक्के वाढवला, तरी तिरंदाज दोनच घावांत मरतो आणि स्वारही दोनच घावांत. फरक पडतो तो फक्त भालाइताच्या बाबतीत, तोही माऱ्याचा आकडा ६ झाला तेव्हाच पडलेला असतो. सातवा आकडा फुकट. "+१ मारा" असं बक्षीस खेळाडूला देताना त्याने एखाद्या तरी जोडीतला घाव कमी होतो का हे तपासा. होत नसेल तर ते बक्षीस फक्त दिसायला आहे, आणि खेळाडूला हे तुमच्या अंदाजापेक्षा फार लवकर कळतं.

साधारण दोन ते चार घावांत युनिट मरेल असं ठेवलं की नवशिक्याचा गेम रुळावर राहतो. एका घावात मरायला लागलं तर जो पहिला पोचला तो जिंकला. सहा-सात घाव लागायला लागले तर लढाई रटाळ होते.

मारामारीत चक्र ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, कागद-कात्री-दगडासारखा. 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेत १९९६ च्या भागापासून तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला असं त्रिकूट आहे. लक्षात ठेवायला सोपं म्हणून ते टिकलं. पण निव्वळ चक्रावर गेम उभा राहत नाही. समोर भाला दिसला की कुऱ्हाड पाठवायची, यात विचार करण्यासारखं काय उरतं? आपल्या तीन युनिटांत मी चक्र पूर्ण केलेलं नाही. तिरंदाजाची ताकद आकड्यात नाहीच, ती तो कुठे उभा आहे यात आहे.

झाडीचा नियम

पटावर दहाबारा घरांत झाडी काढा. झाडीत उभा असलेल्याला संरक्षण मिळालं पाहिजे. सगळ्यात आधी सुचणारा नियम: झाडीत मारा १ ने कमी.

हिशेब करून बघा. स्वाराचा मारा ५ चा ४ झाला. झाडीतला तिरंदाज ८ जिवाचा, म्हणजे अजूनही दोनच घाव. झाडीने त्याला काहीच दिलं नाही. बरं, २ ने कमी करू. आता तिरंदाज तीन घाव टिकतो, छान. पण तिरंदाजाचा स्वतःचा मारा ३ चा १ झाला, आणि झाडीतला भालाईत पाडायला बारा बाण लागायला लागले! वजाबाकीचा हा जुना दोष आहे: लहान माऱ्याला ती चिरडते आणि मोठ्या माऱ्याला तिची जाणीवही होत नाही.

म्हणून इथे वजाबाकी सोडून निम्मं करा, अर्धा आला तर वर न्या. ५ चे ३, ४ चे २, ३ चे २, आणि स्वारावरच्या ६ चे ३. झाडीतला तिरंदाज स्वाराचे तीन घाव झेलतो, भालाईत बाणांचे सहा. सगळ्यांना काहीतरी मिळालं, कोणी अमर झालं नाही. "झाडीत निम्मं" हे वाक्य खेळाडू एकदा ऐकून विसरत नाही, हा आणखी फायदा.

कोणाची पाळी, आणि किती जणांची?

दोन सरळ पद्धती आहेत. एका बाजूची सगळी युनिटं हलतात, मग दुसऱ्या बाजूची. किंवा चपळाईच्या क्रमाने एकेक युनिट, मग ते कोणाचंही असो. पहिलीत खेळाडूला चालींची साखळी जुळवता येते, आधी याने रस्ता मोकळा करायचा मग त्याने घुसायचं, आणि ही मजा दुसरीत फारशी येत नाही. पण पहिलीचा एक मोठा तोटा आहे. पहिल्या पाळीत पाच जणांनी मिळून समोरच्याचे दोन टिपले की उत्तर द्यायला तिघेच उरतात.

१९१६ साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने हेच गणितात मांडलं होतं. सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर बाजूची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे धरावी. पाच विरुद्ध तीन म्हणजे पंचवीस विरुद्ध नऊ. नऊ वजा करा, सोळा उरले, त्याचं वर्गमूळ चार. तीन जण पूर्ण मरेपर्यंत पाचांतला जेमतेम एक जातो. तुमच्या गेममध्ये "एकदा मागे पडलो की संपलं" अशी तक्रार आली तर कारण बहुधा इथे सापडेल.

त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी एकावर तुटून पडता येऊ नये अशी सोय करणं. चौकोनी पटावर तिरपं बंद असेल तर एका युनिटाला चारच बाजूंनी घेरता येतं, भिंतीला पाठ लावली तर तीन, चिंचोळ्या वाटेत समोरून एकच. शिवाय "शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल पडलं की चाल तिथेच संपली" हा नियम घाला. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' या गेममध्ये तो आहे. या एका नियमामुळे दोन भालाईत मधे एक घर मोकळं सोडूनही भिंत उभी करू शकतात आणि मागचा तिरंदाज सुरक्षित राहतो. तीन युनिटांच्या खेळात एवढ्याने रांग, बगल, राखीव तुकडी असं सगळं आपोआप दिसायला लागतं.

घायाळ युनिट पूर्ण ताकदीने मारतं का, हेही इथेच ठरवा. २००१ च्या 'अॅडव्हान्स वॉर्स'मध्ये जीव घटला की माराही त्या प्रमाणात घटतो, त्यामुळे आधी हल्ला करणाऱ्याला जबर फायदा. आपल्या कागदी खेळात शेवटच्या श्वासापर्यंत मारा तोच आहे. त्यामुळे तिघांना थोडं थोडं मारण्यापेक्षा एकाला संपवणं नेहमी चांगलं. दोन्ही नियम चालतात, फक्त आपल्या नियमाचा परिणाम आपल्याला माहीत हवा.

आता फासे

नशिबाशिवाय चारपाच डाव खेळून झाले की मगच इथे या. आणि आधी वेस्नॉथ उतरवून घ्या. २००३ साली डेव्हिड व्हाइट यांनी सुरू केलेला हा गेम फुकट आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे), आणि त्याच्या युनिटांची माहिती साध्या मजकुराच्या फायलींत असते. उघडून वाचता येते. नवशिक्याला यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही.

वेस्नॉथमध्ये नेम लागण्याची शक्यता सहसा मारणाऱ्याच्या कौशल्यावर नसते, मार खाणारा कुठे उभा आहे त्यावर असते. साधा माणूस सपाटीवर असेल तर ६० टक्के वेळा मार बसतो, किल्ल्यात असेल तर ४०, उथळ पाण्यात असेल तर ८०. तिथला भालाईत एका हल्ल्यात ७ चे तीन वार करतो. समोर सपाटीवर ऑर्क (त्या खेळातली राक्षसासारखी जमात) असेल तर तिन्ही लागण्याची शक्यता २१.६ टक्के, दोन लागण्याची ४३.२, एक लागण्याची २८.८ आणि तिन्ही चुकण्याची ६.४. म्हणजे साधारण दोन वार बसतील असं धरून चालता येतं. वार एकच असता आणि तो २१ चा असता तर सरासरी तीच राहिली असती, पण १०० पैकी ४० वेळा काहीच झालं नसतं. नशीब हवं पण जुगार नको असेल तर वार तोडा: एक मोठा फासा टाकण्यापेक्षा तीन लहान टाका.

त्यावर वेस्नॉथ दिवसरात्रीचा नियम चढवतो. भालाईत दिवसा २५ टक्के जास्त मारतो, रात्री २५ टक्के कमी. ऑर्कचं उलटं. दिवसा भालाइताचे ९ चे तीन वार आणि ग्रंट या साध्या ऑर्क सैनिकाचे ७ चे दोन, तर रात्री भालाइताचे ५ चे तीन आणि ग्रंटचे ११ चे दोन. हे नशीब नाही. संध्याकाळ कधी होणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं, आणि म्हणूनच माणसांचा सेनापती दिवस मावळताना मागे सरकायला लागतो. एका ओळीच्या नियमातून सगळ्या सैन्याची भरती-ओहोटी निघते. माझ्या मते वेस्नॉथमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

टक्के दाखवले की एक वेगळीच कटकट सुरू होते: माणसाला टक्के कळत नाहीत. 'सिव्हिलायझेशन' या गेममालिकेचे सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात सांगितलं होतं की तीनास एक अशी बाजू वरचढ असताना हरलं की खेळाडूला गेमनेच फसवलं असं वाटतं. तोच खेळाडू एकास तीन असताना जिंकला तर त्याला त्यात वावगं काही दिसत नाही. काही गेम यावर सरळ खोटं बोलतात. 'फायर एम्ब्लेम'मध्ये २००२ च्या भागापासून एकाऐवजी दोन यादृच्छिक (रँडम) आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाऊ लागली. त्यामुळे पडद्यावर ९० टक्के दिसतं तेव्हा खरी शक्यता ९८ टक्क्यांच्या वर असते, आणि ३० दिसतं तेव्हा खरी जेमतेम १८. खेळाडू खूश, कारण ९० म्हणजे "लागणारच" असं त्याला मुळात वाटतच असतं.

तुम्ही हे करावं का? पहिल्या गेममध्ये नको. त्यापेक्षा नशिबाची जागा बदला. हल्ला ठरवल्यानंतर फासा टाकण्याऐवजी आधी टाका आणि निकाल उघडा ठेवा. 'इन्टू द ब्रीच'मध्ये शत्रू आधी जागा घेतात, कोणत्या घरावर किती मारणार हे दाखवतात, आणि मग तुमची पाळी येते. तुमचे वार कधीच चुकत नाहीत. शत्रूला ढकलून त्याचा वार त्याच्याच जोडीदाराला लावायचा, अशी कोडी त्यातून तयार होतात. नशीब आहेच, पण ते कोडं मांडण्यात आहे, तुमच्या उत्तरात नाही.

पडद्यावर काय दिसलं पाहिजे

हल्ल्याआधीचा अंदाज हाच तुमचा मुख्य पडदा, त्याला ॲनिमेशनपेक्षा जास्त वेळ द्या. शत्रूवर बोट नेलं की माझा मारा, त्याचा उलट वार, दोघांचा उरणारा जीव आणि (फासे असतील तर) शक्यता, एवढं एका नजरेत दिसावं. कोण मरणार असेल तर ते वेगळ्या रंगात. शत्रू पुढच्या पाळीत कुठवर पोचू शकतो तेही एका बटणावर दाखवा. हल्ला करेपर्यंत नुसती चाल परत घेऊ द्या. चुकून बोट लागलं म्हणून तिरंदाज गेला, यात डावपेच कुठलेच नाहीत.

सगळ्यांना मारणं हेच ध्येय का?

मराठी मुलामुलींनी असा गेम करायला घेतला की शिवकाल येतोच. पण गनिमी काव्याचा खेळ आणि "सगळे शत्रू मारा" हे ध्येय यांचं जमत नाही. त्या ध्येयात माघार म्हणजे निव्वळ तोटा, आणि गनिमी काव्याचा तर प्राणच माघार. पावनखिंडीत जुलै १६६० मध्ये बाजीप्रभूंचं काम समोरच्या सैन्याचा नाश करणं हे नव्हतंच. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड अडवायची होती. याचा गेम करायचा तर ध्येय पाळ्यांच्या संख्येत असायला हवं: चिंचोळी वाट, मागे सरकायला चारपाच घरं, आणि तोफेचा आवाज येईपर्यंत एकही शत्रू पलीकडे जाता कामा नये. मग तीच तीन युनिटं आणि तेच आकडे पूर्ण वेगळे वागायला लागतात. जखमी भालाईत मागे घेऊन ताजा पुढे करणं हीच मोठी चाल ठरते. नवीन शस्त्र घालायच्या आधी नवीन ध्येय घालून बघा, कामही कमी पडतं.

कोड

गोडो हे इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आणि मुक्त स्रोत आहे, पहिल्या गेमला भरपूर पुरतं. इंजिन कोणतंही असो, लढाईचा हिशेब एका वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्यात, ठेवा. त्याला दोन युनिटं आणि त्यांची घरं द्यायची, त्याने निकाल परत करायचा. चित्र, आवाज, बटण यांतलं काहीही त्याला माहीत नसावं. तेच फंक्शन अंदाज दाखवतं, तेच हल्ला घडवतं, तेच कॉम्प्युटर खेळाडू विचार करताना वापरतो. अंदाज एका जागी आणि खरा हल्ला दुसऱ्या जागी लिहिला की कधी ना कधी ते एकमेकांशी खोटं बोलतात. युनिटांचे आकडेही कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

फासे असतील तर यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यावरून पुढचे सगळे यादृच्छिक आकडे निघतात तो) सेव्हमध्ये साठवा. नाहीतर वार चुकला की खेळाडू जुना सेव्ह उघडून पुन्हा मारेल, लागेपर्यंत. २०१२ च्या 'एक्सकॉम' या गेममध्ये तीच चाल पुन्हा केली तर तोच निकाल यायचा, तो याच कारणाने.

वेगळं फंक्शन असलं की प्रत्येक जोडी एकमेकांशी दहा हजार वेळा लढवून निकाल एक्सेलमध्ये ओतता येतो. तिथे नव्वद टक्के जिंकणारं युनिट दिसलं तर बघा. पण आकडे समान आले म्हणून खूश होऊ नका, कारण पट त्यात नाही. एकास एक नेहमी हरणारा तिरंदाज दोन भालाइतांच्या मागे डाव फिरवतो, हे एक्सेलला दिसत नाही.

शत्रूची अक्कल साधी ठेवा. शक्य असलेल्या प्रत्येक हल्ल्यासाठी दिलेला मारा वजा खाल्लेला मारा, समोरचा मरत असेल तर वर दहा गुण, सगळ्यात जास्त गुणांची चाल खेळायची. सुरुवातीला एवढा शत्रू पुष्कळ त्रास देतो.

मग दुसऱ्या कोणाला तरी खेळायला बसवा आणि काही समजावून सांगू नका. तो कुठे थांबून विचार करतो आणि कुठे न बघता बटण दाबतो, एवढंच टिपून ठेवा. आणि हल्ल्याच्या आधी त्याला विचारा, "काय होईल आता?" उत्तर बरोबर येत असेल तर सुरुवातीला मिटलेली शस्त्रांची वही उघडा आणि त्यातलं एक, फक्त एक, शस्त्र आत घ्या.